पाणी संपलं तर लघवी प्यावी का? रानातले उपयोग, खरे आणि ऐकीव

अजिंक्यतारा_पायथा

मंडळी, विषय जरा ओशाळवाणा आहे, पण विचारायलाच हवा. उन्हाळा लागला की साताऱ्यातल्या आमच्या भटक्यांच्या ग्रुपवर एक ढकलपत्र फिरायला लागतं: रानात अडकलात आणि पाणी संपलं तर स्वतःची लघवी प्या, जीव वाचेल. खाली पुरावा म्हणून दोन परदेशी माणसं. एक इटलीचा मावरो प्रॉस्पेरी. १९९४ साली सहारातल्या धावण्याच्या शर्यतीत वाळूच्या वादळात वाट चुकला आणि नऊ-दहा दिवसांनी थेट अल्जेरियात सापडला. दुसरा अमेरिकेतला ॲरन राल्स्टन. २००३ च्या एप्रिलमध्ये यूटामधल्या एका घळीत हातावर धोंडा येऊन पाच दिवस अडकला, शेवटी स्वतःचा हात कापून सुटला. दोघंही लघवी प्याले होते, हे खरं आहे. पण त्यामुळे वाचले का?

पिण्यापलीकडेही बरंच ऐकायला मिळतं. जखम धुवा, जळवेवर सोडा, विंचू चावला तर लावा, तंबूभोवती शिंपडा म्हणजे जनावर येत नाही. प्रत्येक गोष्टीची शपथ घेणारा कुणीतरी भेटतोच. इथे डॉक्टर आहेत, मास्तर आहेत, फौजी आहेत. जरा नीट लिहा. यंदा आमच्याबरोबर कॉलेजची नवी पोरं आहेत, त्यांना काय सांगायचं ते ठरवायचं आहे.

शिवांबू चिकित्सेचा वाद कृपया इथे नको.

भडंग_विथ_कांदा

वाचतोय. ताट बाजूला ठेवून.

मिरजेचा_वैद्य

पिण्याचा हिशेब आधी उरकू. शरीरात रोज युरिया, मीठ, पोटॅशियम असा जो माल बाहेर टाकायचा असतो तो ढोबळमानाने ६०० मिलिऑस्मोल (पाण्यात विरघळलेल्या कणांचं माप) भरतो. निरोगी मूत्रपिंड लघवी घट्ट करून करून १२०० मिलिऑस्मोल प्रतिलिटरपर्यंतच नेऊ शकतं. म्हणजे तुम्ही कितीही तहानलेले असा, रोज साधारण अर्धा लिटर पाणी या मालाबरोबर जाणारच. आता ती अर्धा लिटर लघवी प्यालात. बाहेर काढलेलं सगळं परत आत आलं, आणि ते पुन्हा बाहेर टाकायला पुन्हा अर्धा लिटर पाणी लागणार. त्यात आजचा नवा माल वेगळाच. शिल्लक शून्य, बऱ्याचदा उणे.

फिकट, पातळ लघवीचं गणित वेगळं आहे. त्यात वसूल होण्यासारखं पाणी खरोखर असतं. पण लघवी फिकट असते तेव्हा अंगात पाणी भरपूर असतं आणि पिण्याची गरज नसते. गरज पडते तेव्हा ती गडद, घट्ट झालेली असते. अमेरिकन लष्कराच्या शिकवणुकीत म्हणूनच समुद्राचं पाणी आणि लघवी हे दोन्ही 'पिऊ नये' याच यादीत आहेत.

आणखी एक. त्या वासाने आणि चवीने उलटी झाली तर एका झटक्यात दोन-तीन पेले पाणी जातं. हा तोटा कुणी धरतच नाही.

कराडकर_मी

डॉक्टर, मग प्रॉस्पेरी वाचला कसा?

मिरजेचा_वैद्य

त्याने वाट चुकल्याचं कळताच, अंगात पाणी असतानाच, पहिली लघवी रिकाम्या बाटलीत धरून ठेवली. मी वर पातळ म्हटलं ती हीच. शिवाय तो वाळवंटातल्या एका पीराच्या थडग्यात सावलीला थांबला, तिथली वटवाघळं मारून त्यांचं रक्त प्याला, आणि पुढे भर उन्हात न चालता सकाळ-संध्याकाळ चालला. तरी पंधरा-सोळा किलो वजन गेलं आणि यकृताला मार बसला तो बसलाच. माझ्या मते त्याला वाचवलं सावलीने आणि चालण्याच्या वेळेने. पण वर्तमानपत्राचा मथळा सावलीवर होत नाही, लघवीवर होतो.

माणदेशी_गडी

मी आटपाडीचा. आमच्याकडं एप्रिल-मे काय आसतो ते सांगायला नको. मेंढरामागं फिरणारी माणसं दिवसभर रानात आसत्यात, पर लघवी पिल्याली गोष्ट म्या आमच्या म्हाताऱ्याच्या तोंडनं कधी ऐकली न्हाय. त्येंचं दुसरंच आसतंय. उनाच्या आधी चालायचं, बाराच्या म्होरं लिंबाखाली बसायचं, डोक्याला पटका घट्ट. पाणी लागलं तर वड्याच्या वळणाला, भायल्या अंगाला वाळू उकरायची, झरा निघतोय का बगायचा. माणगंगा वरनं कोरडी दिसती, खाली वल आसती.

आता भिजवायचं म्हणाल तर मातूर पटतंय. पाणी पिण्यापुरतंच हाय आन् डोकं तापलंय, तर दुसऱ्या वल्या कशानंबी पटका भिजवला तर काय बिगडतंय? वास येईल. येऊ दे की.

फळा_खडू

माणदेशी, तुमचा मुद्दा सोळा आणे. मी विट्याजवळ विज्ञान शिकवतो, म्हणून थोडं गणित.

घाम अंगाला गार करतो तो वाळताना. एक लिटर पाण्याची अंगाच्या तापमानाला वाफ व्हायला साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. ती वाफ घामाची आहे की लघवीची, याच्याशी उष्णतेला देणंघेणं नाही. पाव लिटर लघवी फडक्यावर, मानेवर, छातीवरच्या बनियनवर घेतली तर १४० च्या आसपास किलोकॅलरी वाफेबरोबर जाऊ शकतात. त्यातली थोडी उष्णता आजूबाजूच्या हवेतून घेतली जाते, सगळी अंगातून नाही; त्यामुळे पूर्ण फायदा धरू नका. तरी तेवढा घाम वाचला, म्हणजे तेवढं पिण्याचं पाणी वाचलं. पिऊन हाती काही लागत नव्हतं, इथे लागतं.

फक्त हवा कोरडी हवी. माण, खटाव, जत, आटपाडीच्या एप्रिलमध्ये हे चालेल. कोयनेच्या खोऱ्यात जूनमध्ये फडकं वाळणारच नाही, मग गारवा कुठून?

कराडकर_मी

आणि तो खड्डा खणून वर प्लॅस्टिक पसरायचा प्रकार? त्यात लघवी ओतली तर शुद्ध पाणी मिळतं म्हणतात.

फळा_खडू

तत्त्व बरोबर आहे. खड्ड्यात मधोमध भांडं, भोवती लघवी किंवा ओला पाला, वर पारदर्शक कागद, कडांना माती, आणि भांड्याच्या बरोबर वर एक खडा, म्हणजे कागद मध्ये लोंबून थेंब भांड्यात पडतात. युरिया आणि मीठ वाफेबरोबर वर जात नाही, खालीच राहतं. लघवी शिळी असेल तर अमोनियाचा वास मात्र पाण्यात उतरतो, म्हणून ताजी ओतावी.

आता व्यवहार. मीटरभर रुंद आणि हातभर खोल खड्डा आमच्याकडच्या मुरमात खणून बघा. कुदळ टणकन् वाजते. भर उन्हात तासभर उकरलं तर लिटरभर घाम जाईल, आणि दिवसाअखेर भांड्यात त्याच्या निम्मं जमलं तरी नशीब. आधीच खणलेला चर किंवा मऊ वाळू असेल, आणि एकाच जागी दोन-तीन दिवस बसून राहायचं असेल, तरच याचा विचार करावा.

अवांतर: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात २००९ पासून लघवीचं पाणी करून पितात. २०२३ मध्ये नासाने सांगितलं की लघवी, घाम, उच्छ्वासातली वाफ सगळं धरून ९८ टक्के पाणी परत मिळवता येतं. ढकलपत्रवाले हेही उदाहरण देतात. अहो, तिथे ती उकळून, वाफ धरून, गाळून, रसायनं वापरून साफ करतात. थेट बाटली तोंडाला लावत नाहीत.

पळती_साताऱ्याची

इतके प्रतिसाद झाले आणि लघवीचा सगळ्यात मोठा उपयोग कुणी लिहिलाच नाही. ती बघायची.

मी यवतेश्वरचा घाट धावते, सातारा हिल मॅरेथॉनच्या आधी दर रविवारी तिथे गर्दी असते. आमच्या गटात नव्या बायकांना आम्ही पहिली गोष्ट हीच सांगतो. फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद पिवळी, थोडी आणि वास मारणारी झाली तर पाणी कमी पडतंय. सकाळी निघाल्यापासून सहा-आठ तास लागलीच नाही, तर पुढे जायचं नाही, सावली गाठायची आणि बरोबरच्यांना सांगायचं. तहान कधी कधी उशिरा जाणवते, विशेषतः वयस्कर माणसांना. रंग आधी कळतो.

दोन अपवाद. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर गडद पिवळी होते, बीट खाल्लं असेल तर लालसर. घाबरू नका. आणि उलट टोकही वाईट: पाण्यासारखी स्वच्छ होईपर्यंत साधं पाणी ढोसत राहिलं आणि मीठ गेलंच नाही पोटात, तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बडबडायला लागतो. लांब पल्ल्यात ओआरएस किंवा निदान मीठ-साखर-लिंबू हवंच.

मिरजेचा_वैद्य

ताईंना दंडवत. त्यात एक भर. उन्हातल्या फार दमछाक करणाऱ्या चढाईनंतर किंवा पळण्यानंतर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली आणि मांड्या-पोटऱ्या कडक, दुखऱ्या झाल्या असतील, तर ते नुसतं पाणी कमी पडणं नसू शकतं. स्नायू तुटून त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं तुंबवतं. त्याच दिवशी दवाखाना. 'सकाळी बघू' नाही. आणि तोवर अंगदुखीची गोळी पोटात घालू नका, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे अशा वेळी मूत्रपिंडाला आणखी मारतात.

भडंग_विथ_कांदा

आता ताट परत घेतलंय. चालू द्या.

निवृत्त_सुभेदार

नमस्कार. लष्करी इतिहासातलं एक उदाहरण सगळ्यांना ठाऊक असतं, ते नीट सांगतो. २२ एप्रिल १९१५, बेल्जियममध्ये ईप्र. जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. मुखवटे कुणाकडेच नव्हते. तेव्हा कापडावर लघवी करून ते नाका-तोंडावर धरा, असं सैनिकांना सांगितलं गेलं, आणि काहींनी ते केलं. चार दिवसांत आपली लाहोर डिव्हिजनही त्याच आघाडीवर उतरली आणि तिनेही वायू सोसला. आमच्या सातारा जिल्ह्यातून, अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून, त्या महायुद्धात घरटी माणसं गेली होती, म्हणून हा विषय आमच्यात निघतोच.

उपयोग झाला तो मुख्यतः कापड ओलं होतं म्हणून. क्लोरीन पाण्यात थोडा विरघळतो, लघवीतल्या पदार्थांशी थोडी क्रियाही होते. पण ती वेळ मारून नेण्याची तोड होती. थोड्याच दिवसांत रसायनात भिजवलेल्या पट्ट्या आल्या आणि मग मुखवटे.

तासगाव_बेदाणा

सुभेदार साहेब, हे आमच्याकडे लागू पडतं का? तासगाव-सांगली भागात बेदाण्याची शीतगृहं आहेत, अमोनियावर चालणारी. गळती झाली तर?

फळा_खडू

साध्या पाण्याने भिजवलेलं फडकं, आणि वाऱ्याला आडवं चालत बाहेर. अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो. शीतगृहात पाण्याची टंचाई नसते, तिथे लघवीचा विचार कशाला?

शिवसागर_पलीकडे

बामणोलीकडचा आहे, म्हणून जळवांवर बोलायचा अधिकार आपला. लघवीत मीठ असतं साधारण एक टक्का. एवढ्याने जळू सुटत नाही, नुसती ओली होते. आमच्याकडे मिठाची पुरचुंडी नाहीतर तंबाखू वापरतात, त्याने सुटते, पण ती सुटताना पोटातलं जखमेत ओकते असं डॉक्टर लोक सांगतात. नख जळवेच्या बारीक टोकाखाली सरकवून बाजूला करायची. नंतर रक्त बराच वेळ येतं, घाबरायचं नाही, दाबून धरायचं.

तंबूभोवती शिंपडण्याबद्दल: कोयना आणि चांदोली मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. गवा, अस्वल, बिबट्या सगळं आहे. माणसाच्या लघवीने गवा वाट बदलतो असं मी तरी पाहिलेलं नाही. वासोट्यावर तसाही मुक्काम चालत नाही, बोटीने परत यावंच लागतं, मग तंबू कुणाचा आणि शिंपडता कुठे?

पानाफुलांत

उलट जनावर येतं, कारण त्याला मीठ हवं असतं. अमेरिकेतल्या ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानात डोंगरी बकऱ्यांना गिर्यारोहकांच्या लघवीतल्या मिठाची इतकी चटक लागली की त्या माणसांच्या मागे लागायच्या. २०१८ पासून हेलिकॉप्टरने त्यांना दुसऱ्या डोंगरात नेऊन सोडावं लागलं. त्या बकऱ्या मुळात तिथल्या नव्हत्याच, हेही एक कारण होतं.

आपल्याकडचं सुंदर उदाहरण फुलपाखरांचं. ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर घोळका करून बसलेली दिसतात ना, त्यांत बहुतेक नर असतात आणि ते सोडियम शोषत असतात. कुणी लघवी केलेल्या जागी तर झुंबड उडते. फोटोग्राफर मंडळी हे जाणून असतात, बोलत नाहीत.

मात्र कासवर हा प्रयोग करायला जाऊ नका. सड्यावरची माती बोटभर जाडीची, त्यावरची झाडं त्याहून नाजूक.

अजिंक्यतारा_पायथा

मस्त माहिती येतेय. जखम, साप, विंचू राहिले.

मिरजेचा_वैद्य

जखम: लघवी निर्जंतुक असते हा समज जुना आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत निरोगी माणसाच्या मूत्राशयातही जिवाणू असतात हे दाखवलं गेलंय, आणि बाहेर येताना कातडीवरचे आणखी मिळतात. पिण्याजोगं पाणी असेल तर जखम त्यानेच धुवा, भरपूर धुवा. नसेल तर स्वच्छ कापड बांधा आणि खाली उतरा. माती-शेणाने बरबटलेली खोल जखम आहे आणि पाण्याचा थेंब नाही, अशी वेळ आली तर ताज्या लघवीच्या धारेने घाण निघेल हे मी नाकारत नाही. पण साताऱ्या-सांगलीत रस्ता दोन-चार तासांवर असतो. धनुर्वाताचं इंजेक्शन जास्त महत्त्वाचं.

साप: काहीच उपयोग नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवरही एकच सर्पविषप्रतिबंधक लस चालते आणि ती रुग्णालयातच मिळते. लघवी लावणं, कापणं, चोखणं, करकचून बांधणं, सगळ्यात वेळ जातो.

विंचू: तांबडा विंचू माणदेशात जीवघेणा ठरू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली, त्याने कोकणातले आणि आपल्याकडचे असंख्य जीव वाचले. घाम फुटला, हातपाय गार पडले, लहान मूल असेल तर धावत दवाखाना.

वसंतदादा_चौक

सगळे डोंगरच बोलतायत. सांगलीत खरी अडकण्याची वेळ येते ती पुरात. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५. लोक गच्चीवर, चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला घोटभर नाही. त्या वेळीसुद्धा कुणीतरी हाच 'उपाय' मोबाईलवर पाठवत होतं.

मिरजेचा_वैद्य

पुरात धोका माणसाच्या लघवीचा नाही, उंदराच्या लघवीचा. लेप्टोस्पायरा हा जंतू त्यातूनच पाण्यात येतो आणि पायावरच्या भेगांतून, खरचटल्यातून आत शिरतो. म्हणून पूर ओसरल्यावर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटतात. त्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात, गरोदर बायका आणि लहान मुलांना चालत नाहीत. ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल: वाट बघू नका.

पिण्यासाठी गच्चीवर असाल तर पाऊसच आधी. धुतलेली चादर तिरकी बांधून खाली पातेलं. टाकीत उरलेलं पाणी पुराचं मिसळलं नसेल तर चांगलं. पुराचं पाणी उकळून जंतू मरतात, पण त्यातलं डिझेल आणि शेतातली औषधं उकळून जात नाहीत.

सत्यशोधक_७७

एवढी चर्चा करताय, पण मोरारजीभाई रोज शिवांबू घ्यायचे आणि नव्याण्णव वर्षं जगले. १९७८ मध्ये अमेरिकन टीव्हीवर उघडपणे सांगितलं होतं. त्याचं काय?

मिरजेचा_वैद्य

त्यांना दिवसभर प्यायला पाणी होतं, दूध होतं, फळांचा रस होता. इथे प्रश्न पाणी नसतानाचा आहे.

संपादक

शिवांबूवर स्वतंत्र धागा आहे, पुढचे प्रतिसाद तिकडे हलवले आहेत. सत्यशोधक, तिथे भेटू.

अजिंक्यतारा_पायथा

पोरांना सांगायचं ठरलं. माणशी चार लिटर पाणी, अकराच्या आत वर, दर थांब्याला रंग बघायचा, आणि पटका भिजवण्याचं माणदेशींच्या नावावर. पिण्याचं ढकलपत्र ग्रुपवरून काढायला लावलं. शिवाय किल्ल्यावर टाक्याच्या साठ पावलांत कुणी बसायचं नाही, उभंही राहायचं नाही. तेच पाणी मागून येणारा पितो.

एकच राहिलं. खड्ड्याऐवजी पाल्याच्या फांदीला पारदर्शक पिशवी बांधली तर पाणी जमतं असं वाचलं. कुठल्या झाडाला बांधावी?

फळा_खडू

जमतं, एखादा पेलाभर, तेही दिवसभर ऊन लागलं तर. रुई, कण्हेर, थोर, शेर यांना अजिबात नको, चीक किंवा विष असणारं काहीच नको. पिशवीत खडा टाकून एक कोपरा खाली लोंबू द्या.

माणदेशी_गडी

बाभळीला बांधू नगासा, काटं पिशवी फोडत्यात. लिंबाला बांधा. पर कडू लागलं तर मास्तरला विचारा, मला नगं.